गौर कुणाच्या हातची?

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

वाचक भगिनी 43 वर्षांच्या. माहेर कोल्हापुरातल्या जुन्या पेठेत, पंचगंगेच्या घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर. 2009 साली लग्न होऊन जर्मनीला गेल्या. आता म्युनिकमध्ये नोकरी, घर, 12 वर्षांची मुलगी आणि 9 वर्षांचा मुलगा. पती मूळचे विदर्भातले. तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत बाई आघाडीवर असतात: नऊवारी, कोल्हापुरी साज, नथ, उकडीचे मोदक, मुलांकडून पाठ करून घेतलेलं अथर्वशीर्ष. गेल्या वर्षी गणपती लवकर, 27 ऑगस्टला आले. म्युनिकच्या शाळांना सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उन्हाळी सुट्टी असते, म्हणून बऱ्याच वर्षांनी गौरी-गणपतीला माहेरी येणं जमलं. मुलांना ‘खरी गौर’ दाखवायची होती.

झालं भलतंच. गौर नदीवरून आली नाही. कपिलतीर्थ मंडईतून तेरडा आणला, परसातल्या नळावर कलश भरला आणि वहिनी गौर घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. लहानपणी आजी, आई, काकू, आत्या आणि स्वतः बाई अशा पाच जणी मिळून पोळ्यांचा ढीग घालायच्या. यंदा पोळ्या बचत गटाच्या बायकांकडून डब्यात आल्या. वहिनी बँकेत आहे, ती पूजनाच्या दिवशी अर्धी रजा टाकून दुपारी घरी आली. विसर्जन घाटावर न होता कोपऱ्यावर पाणी भरून ठेवलेल्या मोठ्या कढईत, काहिलीत झालं. बाई नऊवारी नेसून, साज घालून बाहेर आल्या तर चुलतभाऊ म्हणाला, “काय गं, शूटिंग हाय काय आज?” जेवताना बाईंच्या तोंडून निघून गेलं, “आम्ही सहा हजार किलोमीटरवर राहून सगळं करतो आणि तुम्हाला इथं राहून पोळ्यासुद्धा विकत आणाव्या लागतात!” तेव्हापासून वहिनी कामापुरतं बोलते. आता आई म्हणते, “यंदापासून गौर थोडक्यातच करायची.”

बाईंचे प्रश्न असे: आईला कसं समजवायचं? 2019 च्या पुरात घरात पाणी शिरलं, त्या वर्षीही तिने गौर बसवली होती, मग आताच काय झालं? नाहीतर गौर म्युनिकलाच न्यावी का? परत जाताना विमानात मुलीने विचारलं, “आई, खरी गौर कुठली? आपली की आजीची?” तिला काय सांगायचं? आणि शेवटी: “मी तिथंही परकी, इथंही परकी.”

---

ताई,

तुमच्या पत्रात पोळ्या आहेत, तेरडा आहे, साज आहे, आई आहे, वहिनी आहे. भाऊ मात्र कुठेच नाही. ‘भाऊ-वहिनीकडे उतरलो’ एवढ्यात त्याचं काम संपलं. गौर नळावरून आली, राग वहिनीवर. पोळ्या विकतच्या, राग वहिनीवर. आई थकली, तर ते निस्तरायचं कुणी, तर तेही वहिनीने. भावाने त्या दिवसांत काय केलं? गणपती घरी आणला असेल, आरत्या खणखणीत म्हटल्या असतील, काहिलीपर्यंत मूर्ती नेली असेल. मला त्याला टोमणा मारायचा नाही, आपल्याकडचे भाऊ साधारण असेच असतात. पण तुमच्या माहेरची परंपरा टिकली की आटली याचा हिशोब तुम्ही फक्त बायकांच्या कामावरून मांडलाय, आणि तो मांडताना मुळात बायका किती उरल्यात ते बघितलं नाही.

ते आधी बघू. तुम्हीच लिहिलंय, पाच जणी होत्या. आजी गेल्या असणार. काकूंचं बिऱ्हाड वेगळं झालं असेल, आत्या स्वतःच्या घरची गौर सोडून येणार नाहीत. पाचवी तुम्ही, ती म्युनिकला. राहिली तुमची आई. आणि जी तेव्हा त्या घरात नव्हतीच ती वहिनी आता तिथे उभी आहे आणि पाच जणींच्या कामाचा जाब देते आहे.

पुरणाचं काम तुम्हाला सांगायला नको, पण दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरला माझ्याकडे अशी पत्रं येतात आणि त्यातली बरीच पुरण कधीच न केलेल्या पुरुषांची असतात, म्हणून लिहिते. चण्याची डाळ बोटांत धरली की विरघळेल इतकी शिजवायची. चाळणीवर उपसून कट आमटीला बाजूला काढायचा. डाळीत गूळ घालून परत गॅसवर ठेवायचं. गूळ सुटला की सगळं पातळ होतं आणि रटरटायला लागतं. त्यातला एक शिंतोडा मनगटावर उडाला की तिथेच चिकटून भाजतो. उलथणं मधोमध उभं राहीपर्यंत हात थांबवायचा नाही. मग गरम असतानाच पुरणयंत्रात घालायचं, कारण गार झालं की दांडा फिरत नाही. तो दांडा फिरवायला खांदा लागतो, ताई. एवढं झाल्यावर कणीक तिंबायची आहेच, आणि पोळ्या तर अजून सुरूच झालेल्या नाहीत.

आता गेल्या वर्षीचं पंचांग आणि कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवा. गौरीपूजन 1 सप्टेंबरला होतं, सोमवारी. महिन्याची पहिली तारीख, त्यात सोमवार, आणि गौरीपूजनाची बँकेला सुट्टी नसते. पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत लागलेली असताना कॅशियरने किंवा ऑफिसरने अर्धी रजा मागायची म्हणजे काय, हे कुठल्याही बँकवाल्याला विचारा. तुमची वहिनी ती रजा काढून दुपारी घरी आली आणि साडी नेसून पूजेला बसली. त्यानंतर पानावर बसली तेव्हा तुमचं ते वाक्य आलं. ती उलटून काही बोलली नाही हेच मला नवल वाटतं. कोल्हापूरची आहे ना ती?

तुम्ही 2009 साली घर सोडलंत आणि तुमच्या मनातलं घर त्याच सालात थांबलं. यात तुमची चूक नाही. लांब गेलेल्या माणसाला आठवणी जपूनच ठेवाव्या लागतात, त्याच्याकडे नवीन काही येत नसतं. इथे राहणाऱ्यांचं तसं नसतं. त्यांना दर वर्षी नव्याने ठरवावं लागतं की यंदा काय झेपतंय. म्युनिकमध्ये तुम्ही वर्षातून एक-दोन दिवस हॉल घेऊन, कामं वाटून, हौसेने सण करता. तो सुंदरच होत असणार. पण त्याची बरोबरी सहा-सात दिवस घरात देव असलेल्या, रोज दोन आरत्या, येणारा-जाणारा, नैवेद्य, शिवाय नोकरी सांभाळणाऱ्या घराशी करायची नसते.

काहिलीबद्दल तुम्ही फार हळहळून लिहिलंय. घाटावरचा तो उतरता दगडी जिना, दिवे लागणीची गर्दी, ढोल, हे ज्याने पाहिलंय त्याला काहील बघून चुटपुट लागणारच. मलाही लागते. पण तुम्ही गेल्यानंतरची पंचगंगा तुम्ही बघितलेली नाही. जलपर्णीने हिरवीगार झालेली, उन्हाळ्यात घाटावरून चालताना नाकाला पदर लावायला लावणारी. 2012 साली खाली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली. त्यानंतर नदी वाचवायची म्हणून इथल्या लोकांनीच मूर्ती इराणी खणीकडे, म्हणजे पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीकडे वळवल्या, गल्लोगल्ली काहिली ठेवल्या, निर्माल्य वेगळं गोळा करायला लागले. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायला वापरतात तसली काहील गणपतीसाठी रस्त्यात आणून ठेवायची, हे मला तरी पुरेपूर कोल्हापुरी वाटतं. तुमच्या भावाने घाट सोडला तो आळसाने सोडला असं तुम्ही गृहीत धरलंत. विचारलंत का?

आणि पुराचं. ‘2019 ला जमलं, मग आताच काय झालं?’ असं तुम्ही लिहिता. त्या वर्षी पाणी ओसरून महिनाही झाला नव्हता आणि गौर आली. भिंतींना ओल, गाद्या फेकलेल्या, धान्य गेलेलं. त्यातून तुमच्या आईने गौर बसवली ही मोठी गोष्ट आहे. पण तेव्हा तिने ती कशी बसवली असेल? पाच जणींनी लाटलेल्या पोळ्या नक्कीच नसतील. बहुधा तांब्या, तेरडा, हळदकुंकू आणि असेल त्याचा नैवेद्य. म्हणजे आई आज जे म्हणते आहे ते तिने त्या वर्षी करून दाखवलेलंच आहे. तुम्ही ज्या वर्षाचा दाखला देताय तो तिच्या बाजूचा दाखला आहे. एकदा तिला फोनवर एवढंच विचारा, “आई, पुराच्या वर्षी गौरीला काय काय केलं होतंस?” आणि मग मध्ये न बोलता ऐका.

आईला समजवायचं कसं, याचं माझं उत्तर असं की समजवू नका. तिने ठरवलंय ते तिला ठरवू द्या. ती 71-72 ची असेल, आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या अपेक्षेइतकी गौर केली, आता स्वतःच्या गुडघ्यांइतकी करायची म्हणते. यात तुमचं काही कमी होत नाही. तुम्हाला मात्र एक गोष्ट करता येईल. सगळ्या सणातलं तिला कुठलं काम जिवापाड आवडतं आणि कुठलं कधीच आवडलं नाही, हे काढून घ्या. माझा अंदाज, पोळ्या दुसऱ्या यादीत निघतील. पहिल्या यादीत कदाचित गौरीला साडी नेसवणं असेल, किंवा पहिल्या दिवशीची शेपूची भाजी आणि भाकरी. जे पहिल्या यादीत निघेल ते तिच्या हातचं राहू द्या. बाकीचं विकत आलं, वाटून केलं किंवा गळालं तरी चालेल.

विकतच्या पोळ्यांबद्दल अजून एक. त्या कुणाच्यातरी हातच्याच असतात. बचत गटातल्या बायका गौरीच्या आदल्या रात्री जागून त्या करतात आणि त्या पैशांत त्यांच्या घरची गौर होते. एका घरातल्या पाच बायकांनी फुकट राबण्याऐवजी गावातल्या पाच बायकांनी पैसे घेऊन राबावं, यात परंपरेचं नेमकं काय बुडालं ते मला कुणी पटवून द्यावं.

‘खरं’ आणि ‘अस्सल’ या बाबतीत आपण कोल्हापूरकर जरा जास्तच हळवे आहोत. खासबागच्या कुस्ती मैदानापेक्षा कोल्हापुरी काय असणार? त्याची कल्पना शाहू महाराजांना 1902 च्या परदेश दौऱ्यात रोमचा आखाडा बघून सुचली असं इथे लहान पोरंही सांगतात. चपलेचंही तसंच. गेल्या वर्षी जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखं पायताण दिसलं आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा सगळ्या जिल्ह्याचा तिळपापड झाला, आणि तो रास्तच होता. तुम्हीही लिहिलंय की त्यानंतर तुम्ही मुद्दाम कोल्हापुरी घालून ऑफिसला गेलात. पण 2019 साली त्या चपलेला जो भौगोलिक मानांकनाचा दर्जा मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूरचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ती शिवत आलेत. आणि तुमची आई? ती रबरी सोलची मऊ चप्पल घालते, तुम्हीच तक्रारीच्या सुरात लिहिलंय. तिच्या टाचा दुखतात, ताई. बाभळीच्या सालीत कमावलेलं ते कातडं नवं असताना कुणाच्याही पायाला चावतं, आणि ते तेल घालून मऊ होईपर्यंत दम धरायचं तिचं वय राहिलं नाही.

(तुमची मात्र जपा. म्युनिकच्या पावसात आणि बर्फात कातडी तळ टिकणार नाही. भिजली तर उन्हात किंवा हीटरवर न ठेवता सावलीत वाळवा.)

आता नऊवारीचं. चुलतभावाचा विनोद तुम्हाला लागला, आणि मला वाटतं पत्रातलं सगळ्यात खोल दुखणं तेच आहे, पोळ्या वगैरे नंतर. तुम्ही त्या दिवशी कुणासाठी नटला होतात? मुलांसाठी, फोटोसाठी, आईला बरं वाटावं म्हणून, की म्युनिकमध्ये नटता तसंच इथे नटावंसं वाटलं म्हणून? कुठलंही कारण असलं तरी चालेल. परदेशात नऊवारी नेसून ट्राममध्ये बसलं की आपण कोण आहोत ते न बोलता कळतं. इथे ते कुणाला सांगायची गरज नसते, म्हणून इथल्या बायका गौरीच्या गडबडीत कामाला सोपं पडेल ते घालतात. वहिनीने शिवलेली नऊवारी घातली असती किंवा साधा पंजाबी ड्रेस, तिला त्यातून काही सिद्ध करायचं नव्हतं. तुम्हाला करायचं होतं. एवढाच फरक आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. साज हौसेने घाला, इथेही घाला. आईचा साज बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर पुढच्या वेळी तो काढायला लावा, आणि एखाद्या दुपारी मुलीला त्यातलं एकेक पान दाखवत आईला बोलू द्या. कुठल्या पानाला काय म्हणतात हे आता इथेसुद्धा फार जणींना सांगता येत नाही.

चुलतभावाला, म्हणजे हे वाचणाऱ्या सगळ्या चुलतभावांना आणि मावशांना, एक सांगायचंय. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी “परत कधी जाणार?” विचारू नका. “तुमचं काय बाबा, युरोत पगार” हे गिळून टाका. आणि कुणी वर्षानुवर्षांनी नटून दारात उभी राहिली तर शूटिंगचा विनोद करण्याआधी “झकास दिसतीयास” म्हणा. आपल्या थट्टेची आपल्याला सवय असते, तिची सवय सुटलेली असते.

गौर म्युनिकला न्यावी का? हे मला विचारू नका. हे घरच्या रीतीचं आहे, आणि तुमच्या बाबतीत दोन घरांच्या. तुमच्या यजमानांकडे विदर्भात त्याच दिवसांत महालक्ष्म्या बसतात, मुखवट्यांच्या, त्यांचा थाट आणि नैवेद्य वेगळा. तुमच्या पत्रात सासूबाईंचं नावही नाही. लग्न झाल्यावर गौर सासरची की माहेरची, दोन ठिकाणी बसवायची की नाही, हे वाद घराघरात चालतात आणि प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असतं. आधी सासूबाईंना विचारा, मग आईला. दोघींनी हो म्हटलं तर बसवा. माहेरचं बंद पडतंय म्हणून रागाने उचलून नेऊ मात्र नका. तो देव नेल्यासारखा होणार नाही, हिस्सा काढून घेतल्यासारखा होईल.

जमलं तर साहित्याचं असं. तेरड्याचं बी इथून नेऊ नका, रोपं-बियांना विमानतळावर कागदपत्रं मागतात. बागेतला तेरडा तिकडच्या बागकामाच्या दुकानात मिळतो. मेच्या मध्यावर थंडी हटली की कुंडीत लावा, गणपतीपर्यंत फुलतो. आणि ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन इझार नदीच्या काठाने चाला. तिथे माणसाच्या उंचीचं गुलाबी फुलांचं एक रोप रानभर माजलेलं दिसेल. तिथे त्याला इंडिशेस श्प्रिंगक्राउट म्हणतात. ते आपल्या तेरड्याचंच हिमालयातलं भावंड, एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागांसाठी नेलेलं आणि परदेशात जरा जास्तच रुजलेलं. इतकं, की युरोपने त्याला उपद्रवी वनस्पतींच्या यादीत टाकलंय, तेव्हा ते उपटून घरी आणू नका. पण पिकलेली शेंग बोटांत धरा. फट्‌कन फुटते आणि बिया अंगावर उडतात. तुम्ही लहानपणी परसात तेरड्याच्या शेंगा फोडल्या नसतील असं मी मानायला तयार नाही. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला अथर्वशीर्षापेक्षा ते आधी आवडेल, आणि त्यात काही बिघडत नाही.

मुलीच्या प्रश्नाला घाई करू नका. बारा वर्षांच्या पोरीने इतका नेमका प्रश्न विचारला याचं मला कौतुक वाटतं. तिला उत्तर देण्याऐवजी फ्लोरेन्सला घेऊन जा. थट्टा करत नाही. म्युनिकहून आल्प्स ओलांडून रेल्वेने एका दिवसात पोचता येतं. आपले राजाराम महाराज, कोल्हापूरचे छत्रपती, 1870 साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये 30 नोव्हेंबरला वारले, वय अवघं वीस. बरोबरच्या माणसांपुढे प्रश्न उभा राहिला, अंत्यसंस्कार करायचे कुठे आणि कसे? शहराबाहेर आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते. त्यांनी तो संगम धरला, खास परवानगी काढली आणि परक्या मुलखात, परक्या दोन नद्यांच्या काठी आपल्या रीतीने महाराजांना अग्नी दिला. 1874 साली तिथे त्यांचं स्मारक झालं, छत्रीखाली पागोटं घातलेला अर्धपुतळा. काशिने बागेच्या टोकाला ते अजून आहे, आणि जवळच्या पुलालाही त्यांच्यावरूनच ‘इंदियानो’ म्हणतात. पंचगंगा तिथे नव्हती, प्रयाग चिखलीचा संगम नव्हता. जवळ होतं त्यात त्यांनी केलं. ते खरं होतं की खोटं, हे मुलीला तिथे उभं राहून ठरवू द्या. आणि तिने काही न ठरवता आइसक्रीम मागितलं तरी रागावू नका.

‘तिथंही परकी, इथंही परकी’ या वाक्यावर मी फार थांबत नाही. तुम्ही सतरा वर्षं एका शहरात राहता, नोकरी करता, मुलांच्या शाळेत तुम्हाला ओळखतात, मंडळाचा गणपती तुमच्याशिवाय हलत नाही. परकं माणूस असं नसतं. इथे तुम्हाला परकं वाटलं ते तुम्ही पाहुणी म्हणून आलात म्हणून. सासुरवाशीण माहेरी आली की तिने बसून खावं ही जुनी रीत गोड आहे, पण ती स्वयंपाकघरात पाच जणी असतानाची आहे. पुण्या-मुंबईहून गौरीला दोन दिवस येऊन पुरणात गूळ कमी पडला म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे.

तेव्हा पुढच्या वेळी हाताखाली या. यंदा गणपती 14 सप्टेंबरला आहेत आणि तुमच्याकडे शाळा लगेच सुरू होतात, त्यामुळे येणं अवघडच. 2027 ला 4 सप्टेंबरला आहेत, गौरीही सुट्टीत बसतात. त्या वर्षी चार दिवस आधी या, चतुर्थीच्या आदल्या रात्री नको. पितळेची भांडी घासायची असतात, माळ्यावरून डबे काढायचे असतात, दिव्यांच्या माळा तपासायच्या असतात. मुलाला कणीक तिंबायला बसवा, यजमानांना पुरणयंत्राच्या दांड्यावर. भावाला पण. वहिनीला तिच्या माहेरच्या गौरीला शेवटचं कधी जायला मिळालं ते विचारा, आणि नसेल मिळालं तर एक दिवस तिला तिकडे पाठवून इकडचं तुम्ही बघा. नदीवर गौर आणायला जायची हौस असेल तर पहाटे मुलीला घेऊन तुम्ही जा, कलश तुम्हीच भरा. ते करायला तुम्हाला कुणी अडवलेलं नव्हतं.

यंदा म्युनिकमध्ये काय कराल ते तुमच्या घरचं तुम्ही ठरवा, फक्त इथल्या आरतीला व्हिडिओ कॉल लावून ठेवू नका. एका हातात निरांजन आणि दुसऱ्या हातात फोन धरून आईची तारांबळ उडते आणि तुम्हाला छताशिवाय काही दिसत नाही. सगळं आटोपल्यावर सावकाश बोला.

वहिनीशी बोलणं मात्र गणपतीपर्यंत लांबवू नका. कुटुंबाच्या ग्रुपवर फुलांचं चित्र टाकून हे मिटणार नाही, आणि चॉकलेटच्या पेटीनेही नाही. तिला एकटीला फोन करा. “वहिनी, गेल्या वर्षी जेवताना मी बोलले ते चुकीचं होतं. तुम्ही रजा काढून सगळं केलंत आणि मी पोळ्या मोजत बसले,” एवढं म्हणा आणि लगेच स्वतःची बाजू मांडायला लागू नका. त्या “अहो, असू दे” म्हणतील. त्यावर विश्वास ठेवू नका, महिन्याने परत फोन करा, कामाशिवाय. रविवारी दुपारी तीननंतर करा, भांडी आवरलेली असतात. म्युनिकमध्ये तेव्हा साडेअकरा वाजलेले असतील.